इच्छांक एकेचाळीस

आमच्या शहरातला शेवटचा पादचारी दिन साजरा झाला तेव्हा एकही पादचारी आला नव्हता, कारण सभागृह रस्त्याच्या पलीकडे होतं. अध्यक्ष मोटारीतून आले, पाहुणे मोटारीतून आले, पादचारी अलीकडे उभे राहून भाषण ऐकू येतंय का ते बघत होते. त्यानंतर काहीतरी केलं पाहिजे असं सगळ्यांचं मत पडलं, आणि दोन वर्षांत खरोखरच काहीतरी झालं. त्याचं नाव ‘सुजाण पथ’.

सुजाण पथाची कल्पना सोपी होती. माणूस चालायला लागतो त्याच्या आधी त्याचं शरीर चालायला लागलेलं असतं. पाऊल उचलण्यापूर्वी सुमारे अर्धा सेकंद आपण, आपल्याला पत्ता न लागता, भार आधी उचलायच्या पायावर रेलतो आणि मग दुसऱ्या पायावर घेतो. पोटरीचा स्नायू सैल पडतो, नडगीवरचा आवळतो. नजर पलीकडच्या काठावर जाऊन टेकते. हे काही कोणी शिकवत नाही आणि कोणाला लपवताही येत नाही. तर फुटपाथच्या काठाला भार मोजणाऱ्या फरशा बसवल्या, खांबांवर मान आणि डोळे बघणारे कॅमेरे लावले, आणि या सगळ्याचा मिळून एक आकडा काढला. शून्य ते शंभर. त्याला म्हणायचं इच्छांक.

इच्छांक सत्तरच्या वर गेला की काठावरचा कमरेएवढा दांडा जमिनीत जायचा आणि आपल्या आपण चालणाऱ्या, एकमेकींशी बोलणाऱ्या साऱ्या गाड्या थांबायच्या. बटण नाही, दिवा नाही, शिट्टी नाही. तुम्ही जायचं मनात आणा, शहर वाट देईल. सत्तरच्या खाली असाल तर दांडा वरच. आकडा चौकातल्या फलकावर दिसायचा, दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरांत. पारदर्शक कारभाराचं कलम होतं निविदेत.

पहिल्या वर्षी रस्ता ओलांडताना एकही माणूस दगावला नाही. हे खरं आहे, आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती निरोपांची. पाणीटाकी चौकात लोक पाहुण्यांना सोडायला काठापर्यंत यायचे. पाहुणा ‘बरंय, निघतो’ म्हणून रस्त्याकडे वळायचा, इच्छांक ऐंशीला जायचा, दांडा खाली, सहा लेनमधल्या गाड्या उभ्या. मग पाहुण्याला काहीतरी आठवायचं. तो मागे वळायचा. गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाच्या तरी पत्रिका, चकलीचं बिघडलेलं मोहन असं काहीबाही निघायचं. पुन्हा ‘निघतो’, पुन्हा वळणं. दोन बायकांच्या एका निरोपाने स्टेशनपर्यंत गाड्या तुंबल्याची नोंद आहे, आणि त्या दोघी एकाच इमारतीत राहत होत्या.

यंत्र शिकतं ही त्याची जाहिरात होती. कोणाकडून शिकतं हे जाहिरातीत नव्हतं. तीन महिने ते पाणीटाकी चौकाकडून शिकलं आणि एके दिवशी आपोआप शहाणं झालं. पहिल्यांदा वळलेल्या माणसावर ते विश्वासच ठेवीना. दुसऱ्यांदा वळला तरी नाही. तिसऱ्यांदा मागे वळून परत रस्त्याकडे तोंड केलं की मगच त्याला पटायचं की हा आता जाणार. वाहतूक मोकळी झाली. यंत्र नेमकं काय शिकलं ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते आकडा सांगतं, कारण सांगत नाही.

आकड्याचं पुढे व्हायचं ते झालं. मुलीकडचे लोक मुलाला चहा पाजून पाणीटाकी चौकात न्यायला लागले, घरी परत जायची त्याला किती घाई आहे ते बघायला. एक नगरसेवक पलीकडच्या उपोषणकर्त्यांना भेटायला निघाले आणि तीनवर अडकले, तेव्हा त्यांनी फलकाच्या दुरुस्तीची मागणी केली. भाजीला निघालेल्या नवऱ्यांचे आकडे बायका गॅलरीतून बघू लागल्या. माणूस काय बोलतो याला किंमत उरली नाही असं काही जण म्हणायचे. हे म्हणताना त्यांचा आकडा कोणी बघितला नाही.

आता सुहास कारखानीस.

हे गृहस्थ पालिकेच्या नगररचना खात्यात आरेखक होते, म्हणजे नकाशे काढायचे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पत्नी गेल्याला सहा, आणि ते पाणीटाकी चौकाच्या अलीकडे सुनेबरोबर राहत होते. मुलगा जहाजावर असायचा. चौकाच्या पलीकडे, बरोबर समोर, त्यांची मोठी बहीण शैलाताई राहत होती. दोघांच्या गॅलऱ्या एकमेकींसमोर. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

कारण रस्ताच होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो चाळीस फुटांचा ऐंशी फूट झाला, आणि त्यात शैलाताईंच्या घराचा ओटा गेला. दगडी, सात फूट रुंद, त्यावर त्यांचे यजमान संध्याकाळी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचे. ओटा गेल्यावर ते घरात बसू लागले आणि दीड वर्षात गेले. दोन्हींचा संबंध होता की नाही हे कोणी तपासलं नाही. नकाशा सुहासरावांनी काढला होता. ते सांगायचे की मध्यरेषा धरून दोन्हीकडे सारखं अंतर घ्यायचं असा नियम, त्यात रेघ जिथे पडली तिथे पडली. ताई म्हणायच्या, रेघ पडत नाही, ती कोणीतरी ओढतं, आणि पेन्सिल तुझ्या हातात होती. एवढ्यावर बोलणं थांबलं ते थांबलंच.

त्या वर्षी धनत्रयोदशीला ताईंचा सुहासरावांच्या सुनेला, मंजिरीला, फोन आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या इंदूरला निघणार होत्या, मुलाकडे. घर विकलं होतं. निरोप असा होता की यंदा मी ओवाळणार आहे, त्याला यायचं असेल तर येऊ दे. पण रिक्षाने नको. रिक्षा कोणालाही आणून सोडते. त्याने केलेला रस्ता त्याने ओलांडून यावं.

मंजिरीने हे शब्द जसेच्या तसे सांगितले. सुहासराव बराच वेळ कंदिलाची वायर सोडवत बसले. मग म्हणाले की जाईन, त्यात काय एवढं.

पाडव्याच्या सकाळी ते नुसते बघून यायला म्हणून चौकात गेले. भाऊबीजेला ऐनवेळी घोळ नको. सरळ चालत काठावर आले, सरळ उभे राहिले, समोर बघितलं. फलकावर आकडा उमटला. एकेचाळीस.

त्यांना वाटलं, फलक मागच्या कोणाचा तरी दाखवतोय. मागे कोणी नव्हतं. ते बाजूला झाले, पुन्हा आले. एकेचाळीस. शेजारून एक जण केळी घेऊन आला, काठावरच्या पानवाल्याशी हसला, वळला, काहीतरी विसरल्यासारखा परतला, पुन्हा वळला, असं करत करत पंच्याऐंशीवर पलीकडे गेला. त्याच्याबरोबर निसटावं म्हणून सुहासराव पुढे झाले, पण दांडा माणसापुरताच खाली जायचा. केळी घेऊन जाणाऱ्याच्या मागे तो त्यांच्या पोटाशी येऊन टेकला.

समोर गॅलरीत ताई उभ्या होत्या. त्या फलक वाचत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी मंजिरीला विचारलं की आपल्याला खरंच जायचंय असं तिला वाटतं का. मंजिरी म्हणाली, हे तुम्हालाच माहीत असणार ना, बाबा. ते म्हणाले, हो, मला वाटायचं तसं. मग दुपारभर त्यांनी स्वतःची उलटतपासणी केली. जायचंय. मग पाय का म्हणत नाहीत? पायांना काही आठवत असेल का? ओट्याची मोजणी करायला ते त्याच पायांनी गेले होते, ताईंनी तेव्हा चहा दिला होता आणि ते टेप कुठे धरायची ते सांगत होते. एकेचाळीस म्हणजे अगदीच नाही असंही नव्हतं. शंभरातली एकेचाळीस इच्छा त्यांच्याजवळ होती. उरलेली एकोणसाठ कुठे आहे ते त्यांना कळेना.

शेवटी त्यांनी सुजाण पथाच्या मदत क्रमांकावर फोन केला. दिवाळी असल्यामुळे तिथे माणूस होता. केतकी वायदंडे नावाची इंजिनियर मुलगी, पाणीटाकी चौक तिच्याकडेच. ती अर्ध्या तासात चौकात आली, त्यांना काठावर उभं केलं, हातातल्या पाटीवर काय काय बघितलं आणि गोंधळली.

“काका, तुमचं शरीर ठीक आहे. पाय तयार आहेत, नजर समोर आहे. पण इथलं यंत्र म्हणतंय की तुम्ही जाणार नाही.”

“मग कोण खरं?”

“ते मला नाही सांगता येत.” तिने पाटी पुन्हा एकदा बघितली. “तुम्ही फार सरळ येता. इथे कोणी असं जात नाही. तुम्ही निघालात तेव्हा कोणाला काही सांगितलंत का?”

ते म्हणाले की यात सांगायचं काय. सकाळी मंजिरी आंघोळीला गेली होती, दार ओढून घेतलं आणि आले. केतकीने मान डोलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. ती म्हणाली, असं असावं, पण खात्री नाही. जरा मागे वळून बघा. त्यांनी वळून बघितलं. तीनदा वळले. मागे पानवाला आणि एक कुत्रं होतं. आकडा चव्वेचाळीस झाला, आणि ते वळणं खोटं आहे हे यंत्राला कळल्यासारखा पुन्हा एकेचाळीसवर आला. आपल्याला दांडा हाताने खाली घेता येईल असं केतकी म्हणाली, पण त्यांनी नको म्हटलं. ताई गॅलरीत होत्या.

भाऊबीजेला संध्याकाळी पाचला ते धुतलेला सदरा घालून, बगलेत साडीची पिशवी घेऊन काठावर जाऊन उभे राहिले. एकेचाळीस. सव्वापाच, एकेचाळीस. चौकातल्या लोकांना आता प्रकरण कळलं होतं. एकाने सुचवलं की डोळे मिटून आईला आठवा. त्यांनी आठवलं. आकडा अडतीस झाला. दुसऱ्याचं म्हणणं असं की भूक लागली असेल असं समजा. साडेपाचला समोरचं दार उघडलं आणि ताई खाली आल्या. एका हातात तबक, दुसऱ्या हातात पाट. आता ऐंशी फुटांच्या दोन काठांवर दोघं उभे होते आणि मधून गाड्या चालल्या होत्या. गाड्यांना आवाज नव्हता, त्यामुळे थोडं मोठ्याने बोललं की ऐकू यायचं. हॉर्न गेल्याचा हा एक फायदा कोणाच्या लक्षात आला नव्हता.

“दोन दिवस बघतेय,” ताई म्हणाल्या. “यायचं नव्हतं तर सांगायचं होतंस, सुहाशा.”

“यायचंय, ताई.”

“हे वर काय लिहिलंय मग?”

त्यांनी वर बघितलं. ते म्हणाले की मलाही तेच कळत नाहीये.

ताईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग जाते मी, म्हणून त्या घराकडे वळल्या. तीन पावलं जाऊन परत फिरल्या, काठावर आल्या आणि म्हणाल्या की तुझे भावोजी गेले तेव्हाही तू गॅलरीतूनच बघत होतास, मला दिसत होतं. आणि वळल्या. पुन्हा परतल्या. आता आवाज जरा खाली आला होता. पुरणपोळ्या केल्यात, त्यांचं काय करू, इंदूरला नेऊ? सुहासराव काही बोलायच्या आत त्या तिसऱ्यांदा वळल्या, दारापर्यंत गेल्या, पाट भिंतीला टेकवला, पुन्हा उचलला, आणि तरातरा काठावर येऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दांडे खाली गेले. दोन्हीकडचे. सहा लेनमधल्या गाड्या उभ्या राहिल्या.

दोघांनीही इकडेतिकडे बघितलं. मग सुहासराव चालू लागले. ते अलीकडून पलीकडच्या शेवटच्या लेनमध्ये पोचले तेव्हा ताई काठावरून उतरून तिथे आल्या होत्या, आणि काठाकडे परत जायचं सोडून त्यांनी डांबरावर पाट मांडला.

“इथे होता माझा ओटा,” त्या म्हणाल्या. “इथेच बस.”

सुहासराव बसले नाहीत. त्यांनी पाटाकडे बघितलं, समोरच्या खांबाकडे बघितलं, घराच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग वाकून त्यांनी पाट उचलला, उजवीकडे नऊ इंच आणि मागे पाऊलभर सरकवला, आणि सरळ केला.

“इथे,” ते म्हणाले.

ताई बघत राहिल्या. “लक्षात आहे तुझ्या.”

“रेघ मीच ओढली होती, ताई.”

एकोणीस वर्षांत हे ते पहिल्यांदा म्हणाले. ताई निरांजन लावायला गेल्या तर वाऱ्याने ज्योत दोनदा गेली. उभ्या असलेल्या एका गाडीतून एक बाई उतरून आडोशाला हात धरून उभी राहिली. मागच्या गाडीतल्या माणसाने रस्ता बंद का आहे म्हणून चौकशी केली, त्याला भाऊबीज असं सांगितलं, आणि तो समाधानाने परत जाऊन बसला. ताईंनी ओवाळलं. साडी हातात घेतली, रंग बघितला, आणि असा रंग तुला कोणी सांगितला म्हणून विचारलं. मग दोघं पोळ्या खायला वर गेले.

रात्री जेवणं व्हायच्या आत केतकीचा फोन आला. अकरा मिनिटं वाहतूक थांबली होती आणि महिन्याच्या अहवालात कारण लिहायचं होतं. यंत्राने आपलं कारण लिहिलं होतं: दोन व्यक्ती, हेतू निरोप घेणे. ती म्हणाली की हे चूक आहे ना काका, तुम्ही तर भेटत होतात. आणि आणखी एक, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, तुमच्या बाजूचा दांडाही पलीकडच्या आजींमुळे पडला, त्यांना अलीकडे चढता यावं म्हणून. त्यांचा त्र्याण्णव होता. तुमचा तेव्हाही एकेचाळीसच.

सुहासराव म्हणाले, पण मी चाललो ना. केतकी म्हणाली, हो, ते चित्रात दिसतंय. मग यंत्राचं काय म्हणणं आहे? तिने सांगितलं की यंत्राचं काही म्हणणं नाही. अहवालाचं काय करू असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, राहू द्या तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची गाडी आली. सामान भरलं गेलं. आता रोज रस्ता ओलांडायला लावायचा नाही म्हणून ताईंनी त्यांना अलीकडेच थांबायला सांगितलं होतं. ते मंजिरीला सांगून खाली आले. ती डबा घेऊन त्यांच्या मागे आली, आत्यांना वाटेत होईल म्हणून चिवडा द्यायचा राहिला होता तो. ते वळून तिच्याकडून डबा घ्यायला गेले, मग ती म्हणाली झाकण घट्ट आहे का बघा, ते पुन्हा वळले, मग आत्यांना फोन करायला सांगा म्हणाली, ते पुन्हा वळले. एवढ्यात समोर गाडी सुरू झाली. सुहासरावांनी डबा घेऊन रस्त्याकडे तोंड केलं.

फलकावर अठ्ठ्याण्णव उमटला. दांडा जमिनीत गेला. पाणीटाकी चौकातल्या साऱ्या गाड्या थांबल्या, आणि त्यात पहिली ताईंची.

लोक बघत होते. सुहासराव फलकाकडे बघत होते. पलीकडच्या लेनमध्ये गाडीची काच खाली गेली.

“आता काय राहिलं?” ताईंनी विचारलं.

सुहासराव चालत तिथवर गेले, डबा खिडकीतून आत दिला, आणि पोचलीस की कळव म्हणाले. ताई हो म्हणाल्या. मग ते मागे वळून काठावर आले.

दांडा वर आला नाही. गाड्या हलल्या नाहीत. निरोप अजून दोनदा व्हायचा आहे हे यंत्राला ठाऊक होतं.